वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू जीवाणुशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या दोन रोगांवर लस तयार करून भारतात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. लशीचा परिणाम होतो किंवा नाही, हे टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांची तुलना करूनच ठरवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९०२ मध्ये घडलेल्या मुल्कोवाल दुर्घटनेचा दोष मात्र त्यांच्यावर अपुऱ्या पुराव्यानिशी ठेवण्यात आला आणि तो दूर व्हायला पाच वर्षे लागली.

प्रारंभीचे जीवन

हाफकिन यांचे बालपण बर्द्यान्स्क येथे गेले. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकॉव्ह हे तेथे त्यांचे गुरू होते. विद्यार्थिदशेत हाफकिन यांचा झारविरोधी क्रांतिकारकांशी संबंध आला. ओडेसातील ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा तिच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांतही ते होते. या काळात त्यांना अटकही झाली. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास विद्यापीठात पुढे जाण्याचा मार्ग मोकळा झाला असता, परंतु त्यांनी धर्मांतरास नकार दिला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना प्रथम ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम मिळाले. प्रयोगशाळेतील संशोधन ते उरलेल्या वेळात करीत.

पटकीची लस

पटकीवर लस टोचण्याचा प्रयत्न स्पेनमध्ये जैमे फेर्रान यांनी १८८५ मध्येच केला होता. त्यांनी हजारो लोकांना लस टोचली, परंतु तिच्या परिणामाची विश्वसनीय आकडेवारी उपलब्ध न झाल्याने वैद्यकीय जगाने तो दावा मान्य केला नाही. हाफकिन यांनी १८ जुलै १८९२ रोजी स्वतःला लस टोचून घेतली. लस निर्धोक आहे, एवढेच यावरून दिसत होते. ती रोगापासून संरक्षण देते हे दाखवण्यासाठी साथीच्या प्रदेशात जाणे आवश्यक होते.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. पुढील दोन-अडीच वर्षांत उत्तर आणि पूर्व भारतात सुमारे ४२,००० लोकांना ही लस टोचण्यात आली. शक्य असेल तेथे एकाच वस्तीतील, एकच पाणी पिणाऱ्या लोकांपैकी काहींना लस टोचायची आणि काहींना टोचायची नाही, अशी त्यांची पद्धत होती. लस घेण्याची सक्ती नसल्यामुळे असे दोन गट आपोआपच तयार होत. १८९४ मध्ये कलकत्त्यातील कट्टल बागान या वस्तीत पुढे जे रोगी आढळले, ते न टोचलेल्या रहिवाशांपैकी होते. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये हाफकिन इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये भारतात परतले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, तरी रोग कसा पसरतो हे कोणालाही माहीत नव्हते. घाण आणि दूषित हवा यांमुळे साथ पसरते, या समजुतीने सरकारने गटारांतून कार्बोलिक आम्ल सोडले, घरांना चुना फासला, सामान जाळले आणि संशयित रोग्यांना जबरदस्तीने रुग्णालयांत व छावण्यांत हलवले. रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परतत नाही, अशी लोकांची भावना झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ च्या प्रारंभापर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव निघून गेली होती.

सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवले. जंतूंना पृष्ठभागावर आधार मिळावा म्हणून रसावर तुपाचे थेंब सोडले जात. पुढे हे जंतू उष्णता देऊन मारले जात. मांसरसासाठी गाय किंवा डुक्कर यांचे मांस न वापरता बोकडाचे मांस वापरण्यात येई. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांना लस घेता यावी, हा त्यामागील हेतू होता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. ही मात्रा पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. लस टोचली त्याच दिवशी आजारी पडलेल्यांना आधीच लागण झाली असल्याचे धरून वगळण्यात आले. त्यानंतर न टोचलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, पण मृत्यू एकही झाला नाही. पोर्तुगीज सत्तेखालील दमण येथे १८९७ मध्ये २,१९७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी ३६ दगावले. न टोचलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मृत्युमुखी पडले.

या आकड्यांवर एक रास्त आक्षेप घेता येत होता. स्वतःहून लस घेणारे लोक मुळातच अधिक सुस्थितीत किंवा अधिक सावध असू शकतात, त्यामुळे दोन गटांतील सर्व फरक लशीचाच असे म्हणता येत नाही. बडोदा संस्थानातील उंधेरा गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये केलेल्या चाचणीत हा आक्षेप बऱ्याच अंशी टाळला गेला. तेथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे अर्ध्या माणसांना लस टोचण्यात आली, म्हणजे घर, अन्न आणि राहणी दोन्ही गटांसाठी सारखीच राहिली. काही आठवड्यांनी केलेल्या तपासणीत, प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत टोचलेल्यांपैकी ३ आणि न टोचलेल्यांपैकी २६ जण दगावल्याचे आढळले.

थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने हे सर्व पुरावे तपासले. लशीच्या मात्रेचे प्रमाणीकरण आणि काही ठिकाणच्या नोंदी यांवर आयोगाने टीका केली. लस संपूर्ण संरक्षण देत नाही, मात्र रोग आणि मृत्यू यांचे प्रमाण निश्चितपणे कमी करते, असा त्याचा निष्कर्ष होता.

लोकांचा विश्वास

तुरुंगातील किंवा दमणमधील आकड्यांनी सामान्य मुंबईकरांचे मत लगेच पालटले नाही. घरझडतीला येणारे सरकार आणि सुई टोचणारे सरकार त्यांना एकच वाटे. लशीनेच प्लेग होतो, तिने पुरुषत्व जाते किंवा धर्म बाटतो, अशा अफवा पसरत. टोचल्यानंतर येणारा ताप आणि दंडाची सूज यांमुळे त्यांना बळ मिळे. खोजा समाजात मात्र चित्र वेगळे होते. तिसरे आगाखान हे त्या वेळी विशीच्या आतले होते. त्यांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या कामासाठी आपली वास्तू दिली. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली. आकडेवारी सर्वांसाठी एकच होती, परंतु ज्याच्या शब्दावर आधीपासून भरवसा होता अशा माणसाने ती स्वीकारल्यावरच या समाजाने तिच्यावर विश्वास ठेवला.

परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले.

मुल्कोवाल दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी परळहून आलेली लस १०७ जणांना टोचण्यात आली. एका विशिष्ट बाटलीतील लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. परळच्या प्रयोगशाळेत लस निर्जंतुक करताना कार्बोलिक आम्ल वापरणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली होती. दूषितीकरण बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच झाले, असे आयोगाने ठरवले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला परतले.

या निष्कर्षाशी न जुळणाऱ्या बाबी साक्षींतच नोंदलेल्या होत्या. बाटली उघडताना वापरलेला चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता केवळ कार्बोलिक आम्लात बुडवून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत सर्रास आढळतात. बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. एवढा काळ तीत धनुर्वाताचे जंतू वाढले असते, तर उग्र दुर्गंधी आली असती. लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी उघडतेवेळी तिचा वास घेतला होता आणि तो त्यांना दूषित वाटला नव्हता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने कागदपत्रे तपासली, तेव्हा दूषितीकरण प्रयोगशाळेत झाले असे सिद्ध होत नसल्याचे मत दिले. ही कागदपत्रे मात्र दीर्घकाळ प्रसिद्ध करण्यात आली नाहीत.

१९०७ मध्ये हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या टाइम्समधून हाफकिन यांची बाजू मांडली. जुलैमध्ये रॉस यांच्यासह दहा मान्यवर शास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र त्याच वृत्तपत्रात आले. फ्रान्समधील ड्रायफस खटल्याशी या प्रकरणाची तुलना होऊ लागली. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन यांना दोषमुक्त करण्यात आले.

उत्तरायुष्य

हाफकिन भारतात परतले, पण परळचे संचालकपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. कलकत्त्यात त्यांनी प्रामुख्याने सैद्धांतिक स्वरूपाचे काम केले आणि पुढे ते निवृत्त झाले. दरम्यान परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील पिसवांमधून प्लेग पसरतो, या १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी मांडलेल्या उपपत्तीला प्रयोगांनी पुष्टी दिली. लस उपयोगी पडते हे त्याआधीच दिसून आले होते. रोग का पसरतो याचा उलगडा मात्र या संशोधनानंतरच झाला.

हाफकिन अविवाहित राहिले. उत्तरायुष्यात ते ज्यू धर्माच्या परंपरानिष्ठ आचाराकडे वळले. १९१६ मध्ये त्यांनी या आचाराचे समर्थन करणारा लेख प्रसिद्ध केला आणि १९२९ मध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या ज्यू पाठशाळांसाठी आपली संपत्ती निधी म्हणून दिली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. हाफकिन संस्था आजही परळच्या त्याच जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आहे.