सूर्यनमस्कारांचा प्रसारक राजा

म्हैसूर हे नगर आज योगाभ्यासाचे केंद्र म्हणून जगभर ओळखले जाते. लक्ष्मीपुरम्, गोकुलम् या वस्त्यांमधील योगशाळांत पहाटेपासून देशोदेशींचे विद्यार्थी अभ्यासाला उभे राहतात. त्यांच्या अभ्यासाचा प्रारंभ बहुधा सूर्यनमस्कारांनी होतो. नमस्कारांना व्यायामाचे शिस्तबद्ध रूप देऊन त्यांचा घरोघर प्रसार व्हावा म्हणून ज्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे वेचली, ते मात्र म्हैसूरचे नव्हते. सातारा जिल्ह्यातील औंध या लहानशा संस्थानाचे ते राजे होते. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. औंध हे यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले गाव. संस्थानात अवघी बहात्तर गावे होती आणि तीही सलग नव्हती. काही साताऱ्याकडे, काही आटपाडीच्या दुष्काळी माणदेशात, काही कुंडलजवळ, तर गुणदाळचा भाग थेट विजापूर जिल्ह्यात होता. जमीन बहुतांशी कोरडवाहू आणि उत्पन्न तुटपुंजे. अशा घराण्यात जन्मलेल्या या मुलाला लहानपणापासून व्यायामाची आवड होती. त्या काळी शरीर कमवायचे म्हणजे दंड काढायचे, बैठका मारायच्या आणि आखाड्यात उतरायचे, अशी रीत होती. मुलांना त्यासाठी वेगळा उपदेश करावा लागत नसे. बरोबरीचे सवंगडी असत, वस्ताद असे आणि जिंकण्याची ईर्षाही असे.

माध्यमिक शिक्षण साताऱ्यास पूर्ण करून बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. पदवी मिळाल्यावर १८९५ पासून ते आपल्या वडिलांचे मुख्य चिटणीस म्हणून संस्थानाचे काम पाहू लागले. येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. हा टप्पा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. शाळेत असताना धावणे, खेळणे, पोहणे हे दिवसाचाच एक भाग असते. शिक्षण संपते, नोकरी वा धंदा सुरू होतो, संसार मागे लागतो आणि मैदान सुटते. भूक मात्र पूर्वीच्या सवयीने लागत राहते. शरीर जेवढे खर्च करते त्याहून अधिक अन्न पोटात गेले, की उरलेले चरबीच्या रूपाने साठते. वापरात नसलेले स्नायू हळूहळू क्षीण होतात. खेळाडू म्हणून नावाजलेला तरुण तिशी ओलांडता ओलांडता स्थूल दिसू लागतो, तो याच कारणाने.

बैठे काम आणि शरीराचे स्वास्थ्य यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न बाळासाहेबांपुढेही होता. त्याचे उत्तर त्यांनी प्रथम पाश्चात्त्य देशांत शोधले. युजेन सँडो या जर्मन मल्लाची कीर्ती त्या वेळी सर्वत्र पसरली होती. विशिष्ट प्रकारच्या डंबेल्सच्या साहाय्याने एकेका स्नायूला व्यायाम देण्याची त्याची पद्धत होती. १९०४-०५ मध्ये सँडोने हिंदुस्थानचा दौराही केला. त्याच्या कितीतरी आधी, १८९७ च्या सुमारास, बाळासाहेबांनी त्याची पुस्तके व साधने मागवून व्यायाम सुरू केला होता. सुमारे दहा वर्षे त्यांनी तो नेमाने चालविला. त्यामुळे दंड आणि छाती भरली. परंतु श्वसन, पचन आणि अंगाचा लवचिकपणा या बाबतींत तेवढाच लाभ होत नाही, असे त्यांचे मत झाले. शिवाय ही साधने विकत घेणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते.

या दहा वर्षांत त्यांच्या घराण्यातही मोठे बदल घडले. १९०१ साली वडील वारले. गादी प्रथम थोरल्या बंधूंकडे आणि पुढे पुतण्याकडे गेली. अखेर १९०९ मध्ये ती बाळासाहेबांकडे आली, तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ साली, त्यांच्या व्यायामाने नवे वळण घेतले होते. मिरजेचे संस्थानिक श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन हे त्यांचे स्नेही. त्यांच्या सूचनेवरून पंतप्रतिनिधींनी सँडोची पद्धत बाजूला ठेवली आणि सूर्यनमस्कार नियमितपणे घालण्यास आरंभ केला.

नमस्कार घालण्याची चाल महाराष्ट्रात नवीन नव्हती. देवापुढे किंवा उगवत्या सूर्यासमोर व्रत म्हणून लोक नमस्कार घालीतच असत. बाळासाहेबांनी त्यांकडे शास्त्रशुद्ध व्यायामाच्या दृष्टीने पाहिले. त्यांनी एका नमस्काराच्या दहा स्थिती ठरविल्या. ताठ उभे राहून हात जोडणे, कमरेत वाकून तळवे जमिनीला टेकविणे, एक पाय मागे नेणे, मग दुसरा नेणे, साष्टांग प्रणिपात करणे, छाती वर उचलून मान मागे नेणे, कंबर उंच करणे आणि त्याच क्रमाने पुन्हा उभे राहणे, असा तो क्रम होता. प्रत्येक स्थितीबरोबर श्वास केव्हा घ्यायचा व केव्हा सोडायचा, याचेही नियम त्यांनी घालून दिले. मंत्रोच्चारांनाही त्यांच्या पद्धतीत स्थान होते.

या व्यायामाचे मर्म त्याच्या साधेपणात होते. त्याला मैदान लागत नाही, जोडीदार लागत नाही, एक पैचाही खर्च येत नाही. स्वतःच्या देहाचे वजन हेच येथे उचलायचे ओझे असते. पाठ, पोट, खांदे, दंड आणि मांड्या या सर्वांना एकाच हालचालीत काम पडते. वेग वाढविला की हृदयाचे ठोके वाढतात; वेग कमी केला की स्नायूंना ताण मिळतो. ज्याच्याजवळ साडेतीन हात जागा आणि पहाटेचा थोडा वेळ आहे, त्याला शाळेचे मैदान सुटल्याचे दुःख करण्याचे कारण उरत नाही. बाळासाहेब स्वतः दररोज शेकड्याने नमस्कार घालीत. राज्यकारभार, प्रवास, उत्सव यांपैकी कशासाठीही हा नेम सहसा मोडावयाचा नाही, असा त्यांचा कटाक्ष होता.

राजा स्वतः जे करतो तेच प्रजेने करावे, असा त्यांचा आग्रह राहिला. राजवाड्यातील स्त्रिया व मुलेही नमस्कार घालू लागली. संस्थानातील शाळांमधून मुलामुलींसाठी सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. मुलींनाही व्यायामाची गरज आहे हे मान्य करणारे लोक त्या काळी थोडेच होते. हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे महत्त्व कळते. गरीब संस्थानाला व्यायामशाळा बांधणे परवडणारे नव्हते. परंतु नमस्कारासाठी शाळेचे अंगण पुरेसे होते. बाळासाहेबांनी या विषयावर पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली आणि प्रात्यक्षिके करून दाखविली. पुढे ते इंग्लंडला गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार महिलेचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. साठीच्या पुढचा हा राजा तरुणासारखा चपळ कसा, याचे तेथील लोकांना कुतूहल वाटले. मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

प्रसाराचा उत्साह वाढला की थट्टाही वाट्याला येते. आचार्य प्र. के. अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक १९३३ साली रंगभूमीवर आले आणि नमस्कारांच्या वेडाने झपाटलेल्या माणसांवर महाराष्ट्र पोट धरून हसला. ही थट्टा अगदीच निराधार नव्हती. सूर्यनमस्कारांनी नाना व्याधी दूर होतात, असे दावे बाळासाहेबांनी केले होते. आजचे वैद्यकशास्त्र ते सगळे मान्य करणार नाही. नियमित व्यायामामुळे हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब यांचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. तरीही कोणताही एक व्यायाम म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. नुसत्या व्यायामाने वजन उतरते असेही नाही. ताटातल्या अन्नाचे प्रमाण सांभाळावेच लागते. बाळासाहेबांनीही व्यायामाच्या जोडीला साध्या व माफक आहारावर भर दिला होता.

त्यांचे जीवन केवळ व्यायामापुरते मर्यादित नव्हते. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि विद्येचे आश्रयदाते होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी साहाय्य केले. त्यांनी दिलेल्या जागेवर १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांना औंधात आश्रय मिळाला. आपला कलासंग्रह लोकांना पाहता यावा म्हणून यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारले. सर्वांत मोठी गोष्ट त्यांनी सत्तरीत केली. १९३८ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले आणि महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना पुढील वर्षी अमलात आली. स्वतःच्या शरीराला शिस्त लावणाऱ्या या राजाने स्वतःच्या सत्तेलाही मर्यादा घालून घेतली.

याच काळात दूर म्हैसुरातही शरीरसाधनेचे मोठे कार्य चालू होते. महाराज कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णम्माचार्य यांनी १९३३ साली जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा सुरू केली. बंगळूरचे प्रसिद्ध व्यायामशिक्षक के. व्ही. अय्यर यांनाही महाराजांचे प्रोत्साहन होते. त्यांच्या परंपरेतील शिक्षक म्हैसुरात सूर्यनमस्कार शिकवीत. त्या वेळी योगासने आणि सूर्यनमस्कार हे दोन वेगळे विषय मानले जात; पुढे ते एकत्र आले. कृष्णम्माचार्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांनी म्हैसुरात रुजविलेल्या पद्धतीत अभ्यासाचा आरंभच सूर्यनमस्कारांनी होऊ लागला. कोणी कोणाकडून काय घेतले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली, हे खरे. कृष्णम्माचार्यांचेच दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली म्हैसूरहून पुण्यास आले आणि तेथेच स्थायिक होऊन त्यांनी योगविद्येचा प्रसार केला.

देश स्वतंत्र झाल्यावर मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून अनेक देशांत राहिले. त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजी पुस्तक लिहून वडिलांचे कार्य पुढे नेले.

प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. रोजच्या हिशेबाने पाहिले तर हा वेळ वीस-बावीस मिनिटांहून अधिक नाही. ज्यांचा व्यायाम अनेक वर्षे सुटला आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी मोठी संख्या गाठण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच नमस्कारांनी सुरुवात करावी आणि अंगाला सवय होईल तसतशी संख्या वाढवीत जावी. कंबर, गुडघे, रक्तदाब यांची तक्रार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालणे, सायकल चालविणे, पोहणे, शेतातले काम यांनीही हाच हेतू साधतो.

बाळासाहेबांनी नमस्कार घालायला आरंभ केला तेव्हा ते चाळिशीत होते. शाळेतली उमेद मागे पडली होती आणि राज्याचा भार अंगावर यायचा होता. अशा वयात एक साधी सवय त्यांनी धरली आणि ती सुटू दिली नाही. राजवैभव सर्वांच्या नशिबी नसते. पहाटेची वीस मिनिटे मात्र राजाला जेवढी मिळतात, तेवढीच मजुरालाही मिळतात.

विचार करा आणि लिहा

१. सँडोची व्यायामपद्धती बाळासाहेबांना अपुरी का वाटली?
२. गरीब संस्थानाच्या दृष्टीने सूर्यनमस्कार हा व्यायाम सोयीचा कसा ठरला?
३. सूर्यनमस्कारांविषयीचे बाळासाहेबांचे कोणते मत आजचे वैद्यकशास्त्र पूर्णपणे मान्य करणार नाही? का?
४. शाळा सुटल्यानंतर तुमच्या दिनक्रमातून कोणते शारीरिक श्रम कमी झाले? त्यांची जागा कशाने भरून काढता येईल, ते आठ-दहा ओळींत लिहा.