डॉ. भाऊ दाजी लाड : झाडपाला आणि डॉक्टरी औषध



मूल आजारी पडलं की आपल्या पिंगुळीत अजून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आधी काढा देऊन बघूया, गावठी औषधाने काही अपाय होत नाही. दुसरा म्हणतो, झाडपाला म्हणजे अडाणीपणा, सरळ डॉक्टरकडे चला. दोन्ही पक्ष आपलंच खरं मानतात. अशा वेळी मला एका माणसाचं चरित्र मुलांना आणि पालकांनाही सांगावंसं वाटतं. तो माणूस आपल्या शेजारचाच. तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे तालुका लागतो, त्यातलं मांद्रे हे त्यांचं गाव. त्यांचं नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचं मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म 1822 चा. घरची परिस्थिती बेताची. लहानपणीच ते वडिलांबरोबर मुंबईला आले. बुद्धिबळात हा मुलगा फार हुशार होता. त्याचा खेळ बघून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना सुचवलं, की याला इंग्रजी शिकवा. पुढे भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तिथेच शिक्षकही झाले. म्हणजे बघा, डॉक्टर होण्याआधी ते आपल्यासारखेच मास्तर होते! गुजरातेतल्या बालहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं.

1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊंनी शिक्षकाची नोकरी सोडून तिथे प्रवेश घेतला आणि 1851 मध्ये पहिल्याच तुकडीतून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेसुद्धा डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. नव्या डॉक्टरीवर लोकांचा विश्वास नव्हता. शिकलेल्या डॉक्टरांना देशी औषधं टाकाऊ वाटत. भाऊंनी दोन्हीकडे बघितलं. ते संस्कृत शिकले, जुने वैद्यक ग्रंथ वाचले आणि त्यात ज्या औषधांची थोरवी सांगितली होती, ती तपासून पाहू लागले. जुनं आहे म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतलं नाही आणि जुनं आहे म्हणून फेकूनही दिलं नाही.

यातलं त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम कुष्ठरोगावरचं. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. रोग्याला घरातून, गावातून बाहेर काढत. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या किनारी वाढणाऱ्या तुवरक नावाच्या झाडाचं वर्णन आहे. हे झाड म्हणजे आपलं कडू कवठ. कोकणात व्हाळाच्या काठी ते वाढतं, फळ गोल आणि टणक, आत तेलकट बिया. त्या बियांचं तेल भाऊंनी कुष्ठरोग्यांना देऊन पाहिलं. अनेकांना आराम पडला आणि त्यांचं नाव दूरवर गेलं.

पण इथे एक रुखरुख राहून जाते. आपल्या उपचाराची सगळी कृती आणि अनुभव त्यांनी वैद्यकीय जगापुढे सविस्तर मांडले नाहीत. ते काम व्हायच्या आधीच 31 मे 1874 रोजी त्यांचं निधन झालं. औषध कितीही गुणकारी असो, ते कसं बनवलं, किती दिलं, कोणाला लागू पडलं आणि कोणाला नाही, हे उघड मांडल्याशिवाय दुसऱ्याला ते तपासता येत नाही. गुपित ठेवलेलं औषध माणसाबरोबर संपण्याची भीती असते.

सुदैवाने त्या तेलाचं ज्ञान संपलं नाही. भाऊंच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, 1873 मध्ये, नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला होता. कडू कवठाच्याच जातकुळीतल्या चौलमुगरा तेलावर जगभर काम सुरू राहिलं. ते तेल चवीला इतकं वाईट की पोटात टिकत नसे. 1915 च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते इंजेक्शनने देता येईल अशा रूपात आणलं. 1940 च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, ती जास्त परिणामकारक ठरली आणि तेल मागे पडलं. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.

म्हणजे झाडाचं औषध खरं होतं की खोटं? खरं होतं, म्हणून तर जगाने ते घेतलं. पण त्याहून चांगलं सापडल्यावर ते सोडलं, हेही तितकंच बरोबर. औषध झाडातून आलं की कारखान्यातून, यापेक्षा ते कोणी आणि कसं तपासलं, हा प्रश्न मोठा.

भाऊंनी याशिवायही पुष्कळ केलं. मुलींच्या शिक्षणासाठी झटले, अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळाचा शोध घेतला. 1869 आणि 1871 मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला 1975 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. मुंबईला सहल गेली तर मुलांना ते जरूर दाखवा.

आणि पालकहो, एक विनंती. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लेप लावत बसू नका, लपवूही नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. साप चावला तरीही तेच, मंत्र आणि मुळी यांत वेळ घालवू नका. घरी काही झाडपाला दिला असेल तर तोही डॉक्टरांना न लाजता सांगा. तुमच्या त्या माहितीवर त्यांचा पुढचा उपचार ठरतो.