कवटीचे सांधे चाचपणारा डॉक्टर

माणसाची कवटी म्हणजे हाडाचे एक घट्ट भांडे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती २२ हाडांची जुळणी होय. या हाडांच्या सांध्यांपायी विल्यम गार्नर सदरलंड या अमेरिकन डॉक्टरांनी आपले आयुष्य वेचले.

सदरलंड यांचा जन्म १८७३ साली विस्कॉन्सिन राज्यात झाला. लहानपणीच ते छापखान्यात कामाला लागले आणि पुढे मिनेसोटातील ऑस्टिन गावी वृत्तपत्राचे संपादक झाले. औषधांवर भिस्त न ठेवता हाडे व स्नायू हातांनी ठीक करून रोग हटवावा, असे मानणाऱ्या डॉ. स्टिल यांनी १८९२ साली मिसूरीतील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे विद्यालय काढले होते. १८९८ मध्ये संपादकाची खुर्ची सोडून सदरलंड तेथे दाखल झाले. पंचविशीत पुन्हा बाकावर बसायला धैर्यच लागते! १९०० साली ते पदवीधर झाले.

तेथेच त्यांनी सुटी केलेली कवटी पाहिली. कानाजवळच्या हाडाची कड तिरपी, माशाच्या कल्ल्यासारखी होती. हाड हलायचेच नसेल तर अशी कड कशासाठी? ही कल्पना त्यांना स्वतःलाच वेडगळ वाटली. ती खोटी ठरवावी म्हणून ते अभ्यासाला लागले. परंतु तीच त्यांच्या डोक्यात कायमची बसली.

मॅन्केटो येथे दवाखाना चालविताना त्यांनी प्रयोगासाठी डोके निवडले तेही स्वतःचेच. लाकडी वाडगे, फुटबॉलचे शिरस्त्राण, चामड्याचे पट्टे यांनी ते कवटीचा एकेक भाग आवळीत आणि काय होते ते टिपून ठेवीत. त्यांच्या स्वभावात पडणारा फरक पत्नी अडा यांच्या ध्यानात येई. यातून त्यांनी सिद्धांत मांडला, तो असा : कवटीच्या मध्यरेषेवरील हाडे, म्हणजे तळाचे फुलपाखरासारखे स्फेनॉइड, मागचे ऑक्सिपुट, नाकामागचे इथमॉइड आणि नाकातील पडद्याचे व्होमर, संथ लयीत पुढेमागे झुकतात. स्फेनॉइड व ऑक्सिपुट यांचा सांधा वर उचलला की कवटी किंचित रुंद होते, आणि दोन्ही बाजूंची जोडीची हाडे बाहेर वळतात. सांधा खाली आला की उलट. ही लय नाडीची नव्हे, श्वासाचीही नव्हे, असे ते सांगत.

१९३९ साली त्यांनी 'द क्रेनियल बोल' हे छोटे पुस्तक पदरमोड करून छापले. व्यवसायबंधूंनी प्रथम फारसे लक्ष दिले नाही. शिष्य मिळाले ते उतारवयात.

आता शास्त्राचे म्हणणे पाहू. तो मधला सांधा किशोरवयातच हाडाने भरून निघतो आणि दोन्ही हाडे एक होतात. एकाच डोक्यावर दोन तज्ज्ञांनी हात ठेवून लय मोजली, तेव्हा त्यांचे आकडे जुळले नाहीत. या उपचाराने रोग बरे होतात याचाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. मला वाटते, सदरलंड यांचे चुकले ते येथेच : डोके त्यांचे, पट्टे त्यांचे आणि साक्षीदारही घरचाच. त्यांच्या चिकाटीविषयी मात्र शंका घेता येत नाही.

१९५३ साली त्यांच्या नावाने शिक्षणसंस्था निघाली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची पद्धत शिकविणारे वर्ग आजही अनेक देशांत भरतात.