विस्मृतीचा शोधक : आलॉइस अल्झायमर

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरुकुंज मोझरी हे गाव लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला. येथील सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला लहानथोर सारे एकत्र बसतात. अशा मेळाव्यात एखादे आजोबा तुम्ही पाहिले असतील. वर्षानुवर्षे पाठ असलेली प्रार्थना ते अचूक म्हणतात. पण ती संपली की घराची वाट त्यांना आठवत नाही आणि हात धरून नेणाऱ्या नातवाचीही ओळख पटत नाही. साठी बुद्धी नाठी, असे म्हणून लोक हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. पुष्कळदा तो वयाचा दोष नसून मेंदूचा रोग असतो. त्या रोगाच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णन जगापुढे ठेवणारा वैद्य म्हणजे आलॉइस अल्झायमर.

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात मार्क्टब्राइट नावाच्या लहानशा गावी १४ जून १८६४ रोजी त्याचा जन्म झाला. १८८७ साली त्याने वैद्यकाची पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षी फ्रँकफुर्ट शहरातील मनोरुग्णालयात तो काम करू लागला. त्या काळी मनोरुग्णांना बांधून ठेवण्याची किंवा कोंडून घालण्याची रीत होती. अल्झायमरला व त्याच्या वरिष्ठांना ती पसंत नव्हती. खवळलेल्या रुग्णास कोमट पाण्यात बसवून शांत करावे, त्याच्याशी बोलावे, असा त्यांचा प्रयत्न असे. दिवसा रुग्णांची विचारपूस आणि रात्री सूक्ष्मदर्शक, असा अल्झायमरचा क्रम होता. फ्रांट्स निस्ल हा त्याचा जिवलग मित्र. मेंदूच्या पातळ चकतीस विशिष्ट रंग दिला असता तिच्यातील पेशी स्पष्ट उठून दिसतात. ही रंग देण्याची युक्ती निस्लने शोधून काढली होती.

१९०१ साल अल्झायमरला मोठे कठीण गेले. पत्नी वारली आणि तीन लहान मुले मागे राहिली. बहिणीने येऊन घर सांभाळले. अल्झायमरने स्वतःला कामात बुडवून घेतले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी एक्कावन्न वर्षांची एक स्त्री रुग्णालयात दाखल झाली. वैद्यकाच्या ग्रंथांत तिला ऑगस्टे डी. या नावाने ओळखतात. अल्झायमर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारी आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवी. स्वतःचे नाव ती ऑगस्टे असे सांगे. पतीचे नाव विचारले तरी ऑगस्टे असेच सांगे. लेखणी, किल्ली अशा वस्तू दाखविल्या तर त्यांची नावे बरोबर सांगे, पण थोड्या वेळाने आपणास काय दाखविले हे तिला आठवत नसे. नाव लिहावयास दिले तर ते पुरे होत नसे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असेही ती सांगे. साठीदेखील न गाठलेल्या या स्त्रीला वार्धक्याचा विसर कसा पडावा, हा प्रश्न अल्झायमरच्या मनातून गेला नाही.

१९०३ साली तो म्युनिक येथे प्रसिद्ध मनोवैद्य क्रेपेलिन याच्या संस्थेत गेला. परंतु फ्रँकफुर्टच्या त्या रुग्णेची हकिकत तो विचारीत असे. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली, तेव्हा तिचा मेंदू त्याच्याकडे पाठविण्यात आला. तो आकसलेला होता. चांदीच्या क्षाराचा रंग देऊन अल्झायमरने चकत्या पाहिल्या. अनेक पेशींच्या आत तंतूंचे गुंते झाले होते आणि पेशींच्या बाहेर सर्वत्र एका विचित्र द्रव्याचे बारीक ठिपके साचले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत त्याने हे सारे निवेदन केले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही! १९१० साली मात्र क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमरचेच नाव दिले. तरीही कित्येक वर्षे तो मध्यम वयातील एक विरळा रोग समजला जाई. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतही बहुधा हीच विकृती असते, हे १९६० नंतरच नीट ध्यानात आले.

ते ठिपके कशाचे असतात? काही रोगांत विष बाहेरून येते. पूर्व विदर्भात धानाच्या शेतात होणाऱ्या लाखोळीची डाळ दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर तिच्यातील विषद्रव्याने मज्जातंतूंना इजा होते व पाय लुळे पडतात. ॲल्युमिनियमवरही, म्हणजे आपण ज्याला जर्मन म्हणतो त्या धातूवरही, एके काळी विस्मृतीच्या रोगाचा संशय घेतला गेला. तो सिद्ध झाला नाही. अल्झायमरने पाहिलेले द्रव्य बाहेरचे नव्हते. १९८४ साली ठिपक्यांतील प्रथिन ओळखता आले. त्यास अमिलॉइड बीटा म्हणतात. गुंत्यांतील प्रथिनाचे नाव टाऊ. ही दोन्ही निरोगी मेंदूतही असतात. त्यांचा निचरा बिघडला म्हणजे ती एकमेकांस चिकटतात आणि पेशींना विषासारखी बाधतात, असे पुष्कळ संशोधकांचे मत आहे. परंतु वाद मिटलेला नाही, कारण कित्येक वृद्धांच्या मेंदूत ठिपके सापडतात आणि स्मरण मात्र शाबूत असते. कंपवाताच्या रोगातही पेशींत अशाच प्रथिनाच्या गोळ्या दिसतात. १९१२ साली त्यांचे वर्णन करणारा फ्रिडरिश लेवी याने अल्झायमरच्याच प्रयोगशाळेत काम केले होते.

त्याच वर्षी अल्झायमर ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक म्हणून निघाला. प्रवासातच त्याची प्रकृती बिघडली व हृदय कायमचे दुबळे झाले. १९ डिसेंबर १९१५ रोजी तो वारला. रुग्णालयात आली तेव्हा ऑगस्टेचे जे वय होते, त्याच एक्कावन्नाव्या वर्षी.

त्याने लिहिलेली तिची कागदपत्रे पुढे हरवली. ती १९९५ साली फ्रँकफुर्टच्या दप्तरखान्यात सापडली. तिने अर्धवट लिहिलेले स्वतःचे नावही त्यांत होते. पुढे म्युनिकमध्ये तिच्या मेंदूच्या मूळ काचपट्ट्याही हाती लागल्या. संशोधकांनी त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा अल्झायमरने वर्णिलेले गुंते आणि ठिपके जागच्या जागी दिसले.