कैद्यांची अन्नपूर्णा होसेफा एस्कोदा

फिलिपिन्सच्या एक हजार पेसोच्या कागदी नोटेवर १९९१ पासून तीन चेहरे झळकले. एक सरन्यायाधीश, एक सेनानी आणि त्यांच्या सोबत एक शिक्षिका. होसेफा ल्यानेस एस्कोदा हे त्या शिक्षिकेचे नाव. तिघेही दुसऱ्या महायुद्धात जपानी सत्तेचे बळी ठरले.

होसेफा यांचा जन्म २० सप्टेंबर १८९८ रोजी इलोकोस नोर्ते प्रांतातील दिंग्रास या गावी झाला. मनिलातील नॉर्मल स्कूलमधून त्या १९१९ मध्ये शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. पुढे रेडक्रॉसच्या कार्यकर्त्या म्हणून त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी त्यांनी संपादन केली. पत्रकार आंतोनियो एस्कोदा यांची भेटही परदेशातील त्याच वास्तव्यात झाली. पुढे दोघे विवाहबद्ध झाले.

मायदेशी परतल्यावर होसेफा यांनी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवले. मात्र त्यांचे अध्यापन वर्गाच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी प्रचार केला. ३० एप्रिल १९३७ च्या सार्वमतात किमान ३ लाख स्त्रियांचा कौल आवश्यक होता. प्रत्यक्षात ४ लाख ४७ हजारांहून अधिक जणींनी होकार दिला. त्यानंतर त्यांनी मुलींच्या स्काउट चळवळीचे अमेरिकेत प्रशिक्षण घेतले. २६ मे १९४० रोजी अध्यक्ष मानुएल केसोन यांनी सनदेवर स्वाक्षरी केली आणि फिलिपिन्सच्या गर्ल स्काउट संघटनेला कायदेशीर रूप लाभले. १९४१ मध्ये महिला मंडळांच्या राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानने आक्रमण केले. एप्रिल १९४२ मध्ये बातान पडले आणि हजारो फिलिपिनो व अमेरिकन सैनिक कापास येथील छावणीत कोंडले गेले. उपासमार आणि रोगराईने तेथे रोज माणसे दगावत होती. अशा वेळी होसेफा यांनी उभे केलेले स्त्रियांचे संघटन कामी आले. अन्न, औषधे, कपडे छावणीत जाऊ लागले. कैद्यांचे निरोप घरच्यांपर्यंत आणि घरच्यांचे निरोप कैद्यांपर्यंत पोहोचू लागले. पती-पत्नी दोघेही या कामात होते. पकडले गेल्यास शिक्षा काय, हे दोघांनाही ठाऊक होते.

जून १९४४ मध्ये आंतोनियो यांना अटक झाली. पाठोपाठ २७ ऑगस्टला होसेफाही पकडल्या गेल्या. मनिलाच्या फोर्ट सांतियागोमध्ये दोघांना डांबण्यात आले. आंतोनियो यांना त्याच वर्षी ठार करण्यात आले. होसेफा ६ जानेवारी १९४५ रोजी अखेरच्या जिवंत दिसल्या. मनिलाच्या मुक्तीची लढाई त्यानंतर अवघ्या महिनाभरात सुरू झाली.

त्यांचा देह कधीच सापडला नाही. दोन मुले पोरकी झाली. ज्या बाईने असंख्य मातांना त्यांच्या कैदेतील लेकरांची खबर पोहोचवली, तिच्या शेवटाची खबर तिच्या मुलांना मात्र कोणी देऊ शकले नाही. त्यांनी लावलेले गर्ल स्काउटचे रोपटे तेवढे वाढत राहिले. हीच त्यांची समाधी म्हणायची.