मार्कोनी आणि जमिनीतली तार

सुट्टीत जयपूरला, सोडाल्याच्या घरी गेलो की आजोबांचा जुना रेडिओ ऐकायला मिळतो. आजोबा सैन्यात सिग्नल्समध्ये होते. रेडिओ खरखरू लागला की ते अंगणात येतात आणि अर्थिंगच्या तांब्याच्या सळईभोवती बादलीभर पाणी ओततात. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. माती भिजली की खरखर कमी होते. ही जमिनीतली तार प्रथम उपयोगात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे गुल्येल्मो मार्कोनी.

त्यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीत बोलोन्या येथे झाला. १८९५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते घरीच बिनतारी संदेशाचे प्रयोग करीत होते. पण संदेश थोड्याच अंतरावर विरून जात. मग त्यांनी यंत्राचे एक टोक उंच खांबावर चढवले आणि दुसरे जमिनीत पुरले. अंतर एकदम वाढले. थोरले भाऊ अल्फोन्सो रिसीव्हरसह टेकडीपलीकडे थांबले. तिकडून बंदुकीचा बार ऐकू आला आणि संदेश पोहोचल्याचे कळले!

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये त्यांनी पतंगाला एरियल बांधून इंग्लंडहून आलेले तीन ठिपके ऐकले. वाऱ्याने पतंग वरखाली होई, त्यामुळे एरियल आणि रिसीव्हर यांची जुळणी टिकत नसे. अखेर त्यांनी जुळणी न लागणारा साधा रिसीव्हर वापरला. १९०९ मध्ये त्यांना ब्राउन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांची बीम यंत्रणा १९२७ मध्ये आपल्या महाराष्ट्रात आली. इंग्लंडला संदेश खडकीहून जात आणि तिकडचे संदेश दौंडला घेतले जात. दोन्ही केंद्रे दूर ठेवल्याने आपल्याच ट्रान्समीटरच्या गोंगाटात दूरचा क्षीण संदेश बुडत नसे. मार्कोनींचे सहकारी फ्रँकलिन यांनी या यंत्रणेसाठी एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्या वापरल्या. नळी आणि एरियल यांचा इम्पीडन्स जुळला नाही, तर काही शक्ती वाटेतूनच परत फिरते.

उतारवयात मार्कोनींनी मुसोलिनीच्या राजवटीला साथ दिली, हा त्यांच्या आयुष्यातला डाग आहे. २० जुलै १९३७ रोजी ते वारले. त्यांना मानवंदना म्हणून रेडिओ केंद्रे दोन मिनिटे शांत राहिली.

आवाज येईना की आम्ही मुले आधी व्हॉल्यूम वाढवतो. पण त्याने खरखरही वाढते. आता मी आधी एरियलची जोडणी आणि अर्थिंग तपासतो.