हलक्या रायफलीचा शिकारी : जिम कॉर्बेट

भादव्यात मक्याचं कणीस दुधात आलं की मणिबेलीच्या डोंगरउतारावर रात्रीची झोप कमी होते. काठाची काळी जमीन सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. राहिली ती वरची, उताराची. तिच्यात ज्वारी, मका, तूर जे काही येतं ते रानडुकरापासून वाचवायचं तर माळ्यावर जागावं लागतं. डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, शेकोटी धगधगती ठेवायची. अशा राखणीच्या गप्पांत बंदुकीचा विषय हटकून निघतो. एखादा जुना माणूस ठासणीच्या बंदुकीची आठवण काढतो आणि एखादा तरुण म्हणतो की दारू जरा जास्त भरली की झालं काम. ही जी जास्त भरण्याची गोष्ट आहे ना, तिच्यासाठीच आज एका माणसाचं चरित्र सांगायचं आहे. आयुष्य बंदुकीसोबत गेलं, पण बंदुकीचं माप त्यांनी कधी सोडलं नाही. नाव जिम कॉर्बेट.

फुटक्या नळीची शाळा

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथे पोस्टमास्तर. १८८१ मध्ये वडील वारले. घरात भावंडं पुष्कळ आणि संसाराचा गाडा आईच्या खांद्यावर. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी गावात, जंगलाला लागून, असं त्यांचं बालपण गेलं. आपल्याकडची पोरं हातात गलोल आणि तीरकामठा घेऊन वाढतात, तसाच हाही पोरगा गलोल आणि धनुष्य घेऊन रानात भटकायचा. पक्ष्याचा आवाज कोणता, माग कोणाचा, वानर कशाला ओरडलं, हे सगळं त्याने त्या वयात शिकून घेतलं.

पुढे कुमाऊँच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी पक्ष्यांचे नमुने आणून देण्यासाठी त्याला एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक दिली. एके काळी ती चांगली होती. पण कोणीतरी तिच्यात दारू जास्त ठासली होती, त्यामुळे उजवी नळी फाटली होती आणि दस्ताही मोडला होता. पितळी तारेने गुंडाळून तो कसाबसा जोडलेला होता. चालत होती ती फक्त डावी नळी. बघा, जगातल्या एवढ्या मोठ्या शिकाऱ्याची पहिली बंदूक म्हणजे जास्त दारूने काय होतं त्याचा जिवंत नमुना. उजवीकडची फाटकी नळी रोज डोळ्यांसमोर असताना डावीत माप चुकवायची हिंमत कोण करील?

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि गजाने ठासायचं. म्हणजे प्रत्येक बाराचं माप भरणाऱ्याच्या हातात. पंपात औषध टाकताना आपण झाकणाने मोजतो, का बाटली उलटी करतो? उलटी केली तर पीक जळतं. इथे डोळे आणि बोटं जातात. दारू पेटली की तिचा वायू होतो. त्याला जागा हवी असते, ती त्याने गोळी पुढे ढकलून मिळवायची असते. माप ओलांडलं की दाब नळीला पेलवत नाही आणि नळी जिथे कमकुवत असेल तिथे फाटते. ही कमकुवत जागा बहुधा मागच्या बाजूला असते, म्हणजे चेहऱ्याजवळ.

धक्का कशाने बसतो

शाळेत असताना कॉर्बेट कॅडेट झाले. तिथे त्यांना .४५० बोअरची मार्टिनी रायफल चालवायला मिळाली. हिवाळ्याच्या सुट्टीत सार्जंट मेजरने ती त्यांना घरी न्यायला दिली आणि काडतुसंही हवी तेवढी दिली. अट एवढीच की रायफल साफ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत आणून द्यायची. पितळेचं रिकामं काडतूस त्या काळी कोणी फेकून देत नसे. नवी टोपी बसवून, मापाने दारू भरून आणि गोळी दाबून ते पुन्हा वापरता येतं. इंग्रज अमदानीतले बरेच शिकारी आपली काडतुसं अशी घरीच भरत.

ही मार्टिनी फार जोरात लाथ मारायची. का मारायची, ते समजून घेऊ. तिची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची आणि काळी दारू सुमारे साडेपाच ग्रॅम. जितकं वजन जितक्या वेगाने पुढे जातं, तितकाच रेटा मागे खांद्यावर येतो. गोळी जड, दारू जास्त आणि बंदूक हलकी असेल तर धक्का मोठा. गोळी हलकी, दारू बेताची आणि बंदूक जरा वजनदार असेल तर धक्का कमी. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, खांदा चोरतो आणि नेम चुकतो. म्हणून मोठा बार म्हणजे चांगला बार, हा हिशेब चुकीचा आहे. ज्या बंदुकीला आपण घाबरत नाही, तिचाच नेम बसतो.

तरीही त्याच मार्टिनीने या शाळकरी पोराने पहिला बिबट्या टिपला. धक्का सोसून नव्हे, तर घाई न करता. चांदमारीच्या वेळी पुढे फील्ड मार्शल झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या घाबरलेल्या मुलाजवळ बसून सावकाश नेम धरायला शिकवलं होतं. ती सावकाशी कॉर्बेट यांनी जन्मभर जपली.

एका चुकलेल्या गोळीची किंमत

शाळा सुटल्यावर ते रेल्वेच्या नोकरीला लागले. पुढे गंगेकाठी मोकामा घाट इथे मालाची चढउतार करण्याचा ठेका त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ चालवला. मजुरांच्या बरोबरीने ते स्वतः खपले. नरभक्षक मारण्याची बोलावणी याच काळात सुरू झाली.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीचं बोलावणं आलं. तिने नेपाळात सुमारे २०० आणि कुमाऊँत २३६, अशी एकूण ४३६ माणसं मारली होती. गावांची दारं दिवसाही बंद असत. शेतं पडीक राहायला लागली होती. कॉर्बेट यांच्याकडे .५०० बोअरची रायफल होती, तीही मवाळ कॉर्डाइटची. कॉर्डाइट ही नवी बिनधुराची दारू, काळ्या दारूपेक्षा कितीतरी जहाल. काळ्या दारूसाठी बनलेल्या जातीच्या रायफलीत ती पूर्ण मापाने भरली तर रायफल टिकायची नाही. म्हणून अशा रायफलींसाठी कमी मापाची, मवाळ काडतुसं मुद्दाम बनवली जात. काळ्या दारूच्या जुन्या नळीत दुसऱ्या कशाची तरी दारू भरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

हाक्याच्या दिवशी कॉर्बेट यांच्याजवळ फक्त तीन काडतुसं होती. ती संपली आणि जखमी वाघीण समोर उभी राहिली. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली. पाहतात तर नळी आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगली फट. बार मागे उलटून डोळे जाण्याचा धोका होता. दुसरा इलाज नव्हता म्हणून त्यांनी ती चालवली आणि वाघीण पडली. पण पडल्यावर त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते, एक अर्धा आणि एक पार हाडापर्यंत. कधी काळी कोणाच्या तरी बंदुकीचा बार तिच्या तोंडावर बसला होता. सुळे गेले, नेहमीचं सावज धरता येईना, आणि ती माणसावर आली. गोळी कोणी झाडली त्याचं नाव कुठे नाही. पण त्या एका अर्धवट बाराची किंमत ४३६ घरांनी मोजली.

हरणावर, डुकरावर अंदाजाने बार टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. जनावर मेलं नाही तर ते जखमी होऊन कोणाच्या तरी वाटेत बसतं. सरपणाला गेलेल्या बाईच्या किंवा गुरं चारणाऱ्या पोराच्या.

हलकी रायफल

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची, दस्त्यावर चांदीची पट्टी. तिचं काडतूस म्हणजे जर्मन माऊझरचं सात मिलिमीटरचं काडतूस. या काडतुसात ९ ग्रॅमच्या आसपासची हलकी गोळीही वापरली जाते, म्हणजे मार्टिनीच्या गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गोळी बारीक, वेग जास्त, धक्का थोडा. हरणाच्या आकाराच्या जनावराला असं काडतूस पुरेसं असतं, कारण ते कुठे लागतं यावर सगळं अवलंबून. वाघासाठी त्यांच्याकडे .४५०/४०० ची जड दुनळी रायफलही होती. पण डोंगर चढायचा, दिवसदिवस चालायचं, तर ही हलकीच हातात असे.

१९३० च्या एप्रिलमध्ये चौगढच्या वाघिणीशी गाठ पडली तेव्हा हिचा खरा उपयोग कळला. त्या वाघिणीने ६४ माणसं मारली होती. कॉर्बेट यांना पक्ष्यांच्या अंड्यांचा नाद. वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली, ती डाव्या हातात शेवाळावर ठेवलेली. एका मोठ्या खडकाला वळसा घालून पाहतात तर वाघीण मागे, आठेक फुटांवर, दबा धरून. दुसरा हात रिकामा नाही, आणि झटका दिला तर ती झेप घेणार. त्यांनी एका हातात धरलेली .२७५ अगदी हळूहळू फिरवली आणि तोंड तिच्या रोखाने येताच चाप ओढला. वाघीण जागेवर पडली. जड रायफल एका हाताने अशी फिरवता आली असती का, हे आपणच ठरवावं. अंडी त्यांनी परत नेऊन घरट्याच्या जागी ठेवली.

बंदुकीपेक्षा भिंत बरी

आता शेतकऱ्यांच्या कामाचा भाग. १९१५ च्या सुमारास कॉर्बेट यांनी कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे पडीक गाव विकत घेतलं आणि कुळं वसवली. जंगल अगदी लागून. रानडुकरं आणि हरणं उभं पीक फस्त करायची. राखणीसाठी त्यांनी गावाला बंदूकही दिली. पण देशातल्या सगळ्यात नामांकित शिकाऱ्याने पिकाचा प्रश्न बंदुकीवर सोडून दिला नाही. त्यांनी गावाभोवती दगडाची भिंत बांधायला घेतली. सहा फूट उंच, सुमारे तीन मैल लांब. तिला दहा वर्षं लागली. दरसाल थोडी थोडी, पण सगळ्या गावाला मिळून एकच. एकेकट्याने आपापल्या वावराला काटे लावले असते तर जनावर शेजाऱ्याकडे गेलं असतं. भिंत गावाची होती म्हणून पीक गावाचं वाचलं. १९४७ मध्ये देश सोडताना त्यांनी ती जमीन कुळांना देऊन टाकली.

उतारवयात त्यांनी बंदूक कमी करून कॅमेरा हातात घेतला. १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात त्यांचा वाटा मोठा. १९४४ मध्ये त्यांचं नरभक्षकांवरचं पुस्तक आलं आणि नाव जगभर झालं. पुढे ते बहीण मॅगी हिच्यासोबत केनियात न्येरीला राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. नंतर उद्यानाला त्यांचं नाव देण्यात आलं.

आपण काय घ्यायचं

कॉर्बेट यांचा काळ परवान्याच्या शिकारीचा होता. आज तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याने हरीण, भेकर, सांबर यांची शिकार बंद केली आहे. विनापरवाना बंदूक बाळगणं, दारूगोळा बनवणं किंवा काडतूस भरणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. पीक वाचवायला म्हणून केलं तरी सुटका नाही. त्यात घरची बंदूक फुटली तर आधी दवाखाना आणि मग कोर्ट.

नुकसान झालं तर दुसरी वाट आहे. रानडुकराने किंवा हरणाने पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्यावा. वन, महसूल आणि कृषी खात्याचे कर्मचारी पंचनामा करतात. तोवर खाल्लेलं पीक आणि मातीतले माग तसेच ठेवावेत, वावर साफ करू नये. सातबारा किंवा वनपट्टा अर्जासोबत जोडावा. पोलीस पाटील आणि सरपंच यांनी या तीन दिवसांच्या मुदतीची दवंडी हंगामाच्या सुरुवातीलाच द्यावी. बरेच अर्ज मुदत टळल्याने वाया जातात.

आणि दगड तर आपल्या सातपुड्यात आहेतच. एका पाड्याने ठरवून दर उन्हाळ्यात शंभर हात बांध उचलला, तर दहा वर्षांत किती होईल याचा हिशेब ग्रामसभेत मांडायला हरकत नाही.